कठड्यावरच्या खाचा

"चलिए काका, ऊपर चलते हैं," वनखात्याच्या शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या आणि शालिग्राम जागीच थबकला.

समोर लोखंडी शिडी होती, बासष्ट पायऱ्यांची. रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि वनखात्याला टेकडीवरच्या या टेहळणी मनोऱ्याचा इतिहास एकाएकी हवासा झाला होता. पर्यटक येणार, पाटी लागणार. इथून बावीस वर्षं वणव्यावर नजर ठेवली म्हणून म्हाताऱ्याला शहरातल्या पुरानी बस्तीतून जीपमध्ये घालून आणलं होतं. पाटीवर त्याचंच नाव येणार होतं.

आणि हा पठ्ठ्या वर कधी गेलाच नव्हता!

नोकरीच्या पहिल्या दिवशी सातव्या पायरीवर त्याचे हातपाय गळाले. बायकोनं, पद्मिनीनं, त्याचा एकेक पाय धरून त्याला खाली उतरवलं. नोकरी गेली तर खायचं काय? दुसऱ्या दिवसापासून पदर खोचून तीच वर चढू लागली. धूर दिसला की ती वरून ओरडायची, हा खाली रजिस्टरात लिहायचा. साहेबाची जीप वाजली की ती भराभर उतरायची आणि हा नुकताच उतरल्यासारखा शिडीपाशी उभा राहायचा.

"तुले भेव नाही लागत काय वं?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"मले कायचं भेव! तुमी लिवा," ती हसली होती. मागच्या वर्षी ती गेली.

"ऊपर लकड़ी के कठड़े पर निशान हैं," मॅडम सांगत होत्या. "चार इधर, चार उधर. आग गिनने के लिए आप ही ने बनाए थे ना?"

हो म्हटलं की सुटलो. खरं बोललो तर पेन्शन बंद होईल, पोरगा तोंड दाखवणार नाही.

"हव," तो म्हणाला. मॅडम लिहू लागल्या. पद्मिनीच्या हातचं तेवढंच काय ते उरलेलं, तेही आपण गिळायला निघालो, याची त्याला भारी लाज वाटली.

"मॅडम, खोडा ते. मी वर कधी गेलोच नाही. माही बायको चढे, पद्मिनी. मले भेव लागे."

मॅडमचं पेन थांबलं. "काका, ये मैं ऑफिस में कैसे बताऊँ?"

"जसं हाय तसं सांगा. पेन्शन बंद करा लागन तं करा. पण ते निशान मले पाहू द्या."

वनरक्षक मारोती त्याच्यामागून चढला. सातव्या पायरीवर शालिग्राम थांबला. त्यानं डोळे मिटले आणि चाचपत चाचपत तो वर पोचला. वारा अंगावर आला तसा त्यानं जीव मुठीत धरून कठडा गच्च आवळला.

बोटं आपोआप खाचांमध्ये बसली. चार इकडे, चार तिकडे. मोजणीच्या खुणा कसल्या! रोज त्याच जागी नखं रुतून रुतून लाकूड झिजलं होतं.

"क्या निशान है, काका?" खालून मॅडमनी विचारलं.

"तिलेबी भेव लागे," तो पुटपुटला. ते खालपर्यंत पोचलं नाही. त्यानं हात मात्र तिथून काढले नाहीत.