भुऱ्याचा उंबरा

“ये रे भुऱ्या, ये. कोणी काही करत नाही तुला.”

मास्तर खोलीत फरशीवर मांडी घालून बसले होते. हातात उकडलेल्या कलेजीचा तुकडा. भुऱ्या उंबऱ्यापर्यंत आला, मान आत घालून त्यानं पलंगावर पडलेल्या मास्तरांच्या बायकोकडे पाहिलं, शेपूट हलवली. तेवढ्यात काय बिनसलं कोण जाणे, कान पाडून तो मागे सरकला आणि थेट स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली जाऊन बसला.

मास्तरांनी आयुष्यभर लोकांची कुत्री वळणावर आणली होती. कुत्र्याच्या गळ्यात विजेचा पट्टा, मास्तरांच्या हातात बटण. पट्टा आधी बारीकसं ‘टीं’ करायचा. कुत्र्यानं ऐकलं तर ठीक, नाहीतर मागोमाग झटका. थोड्याच दिवसांत कुत्रं नुसत्या आवाजाला वचकायचं, आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघायचं सोडून त्यांच्या अंगठ्याकडे बघायला लागायचं. कोणी नाक मुरडलं, की मास्तर तोच पट्टा स्वतःच्या मनगटाला लावून बटण दाबत. “बघा, मुंगी चावल्यासारखं. एवढ्यानं कोणी मरत नाही.”

या खोलीत यायचं नाही, हे भुऱ्यालाही असंच शिकवलं होतं. बायकोला दमा होता, कुत्र्याच्या केसांनी तिला खोकला यायचा. तिच्यासाठीच केलं ते, पण तिनं कितीतरी दिवस मास्तरांशी अबोला धरला होता. भुऱ्याचा पट्टा निघून वर्षं झाली. आता केसांची काळजी करण्यातही अर्थ नव्हता. डॉक्टरांनी हात टेकून तिला घरी पाठवलं होतं, दुखणं कमी करणाऱ्या औषधाचं यंत्र पलंगाशेजारी लावून. तिनं मागून मागितलं काय, तर एकदा भुऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा.

“उचलून आणू का?” मास्तरांनी विचारलं.

“नको हो. परवा आणलात तेव्हा कसा थरथरत होता बिचारा. आपणहून आला तर येऊ दे.” जराशानं ती हसली. “तुमचं शिकवणं मात्र पक्कं असतं.”

टोमणा असता तर मास्तरांनी परतवला असता. तो टोमणा नव्हता. ते कलेजीचा तुकडा उंबऱ्यावर ठेवून उठले.

मास्तरांनी नाही नाही ते उपाय केले. उंबऱ्यावर तिची शाल अंथरली. जुना पट्टा भुऱ्यादेखत कात्रीनं कापून कचऱ्यात टाकला. तिलाच बाहेर न्यावं, तर जरा हलवलं की तिला कळ सोसवत नसे. भुऱ्या रोज दारापर्यंत यायचा, एक पाय आत टाकायचा आणि मागे फिरायचा. ती पलंगावरून हात खाली सोडून वाट बघायची.

रविवारी दुपारी ती गेली. हात तसाच खाली होता. मास्तरांनी तो उचलून चादरीवर ठेवला आणि लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी, यंत्र लावून देणाऱ्या नर्सबाई ते न्यायला आल्या. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि खोली एकाएकी गप्प झाली. मास्तरांनी चमकून वर पाहिलं.

“काय बंद केलंत?”

“यंत्र, काका. सारखं टीं टीं करतं मेलं.” त्या वायर गुंडाळत म्हणाल्या, “लोक वैतागतात. तुम्ही कधी बोलला नाहीत. नाहीतर आवाज बंद करता येतो, मी पहिल्याच दिवशी केला असता.”

मास्तर भिंतीला टेकले. त्यांना तो आवाज ऐकूच आला नव्हता. उभा जन्म तो ऐकण्यात गेला होता, कान कधीच निबर झाले होते. घरात त्या आवाजाला भिणारा एकच जीव होता, आणि त्याला बोलता येत नव्हतं.

नर्सबाई गेल्या. मागे फरशीवर नखं वाजली. भुऱ्या उंबऱ्यावर थांबला, कान टवकारून त्यानं कानोसा घेतला आणि सरळ आत आला. पलंगाची कड हुंगत हुंगत, जिथे तिचा हात असायचा, तिथे डोकं वर करून उभा राहिला.

“नाही रे ती आता,” मास्तर म्हणाले आणि त्याच्या डोक्याकडे हात नेला.

भुऱ्यानं त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि अंग चोरलं. पण तो जागचा हलला नाही. मास्तरांनी हात मागे घेतला.