फाटकाचा चार्ज

‘संपाच्या काळात प्रशासनावरील अढळ निष्ठेपोटी, कोणत्याही दडपणाला बळी न पडता, स्वेच्छेने कर्तव्यावर राहिलेले गेटमन श्री. भिकाजी तांबे यांचे प्रशासन अभिनंदन करीत आहे.’

वाक्य जाड कागदावर, ठळक टायपात छापलेले होते. त्यात निष्ठा आहे, स्वेच्छा आहे, दडपण आहे आणि प्रशासन तर दोनदा आहे. फाटक मात्र कुठेच नाही. ज्या फाटकावर हा मनुष्य संपाचे सगळे दिवस बसून होता ते फाटकच वाक्य रचणाऱ्याला दिसले नाही. प्रशासनावर निष्ठा ठेवायची तर आधी प्रशासन भेटावे लागते. भिकाजीला ते सबंध नोकरीत एकदाच भेटले होते, दौऱ्यावर आलेल्या एका साहेबाच्या रूपाने. फाटकाचा रंग उडाला आहे, असा शेरा साहेबांनी मारला आणि रंग पाठवला नाही. दडपणाचे म्हणाल तर चौऱ्याहत्तरच्या त्या मे महिन्यात रेल्वेतल्या संपवाल्यांच्या बायकामुलांना क्वार्टरमधून बाहेर कोणी काढले, हे वाक्य रचणाऱ्याला नक्कीच ठाऊक असणार. त्या कामासाठी त्याने कोणता शब्द वापरला असता, याची कल्पना करवत नाही.

उरला ‘स्वेच्छेने’ हा शब्द. चंपाबाईला, म्हणजे भिकाजीच्या बायकोला, तो पहिल्यापासून खोटा वाटत होता. कारण काय घडले ते तिने डोळ्यांनी पाहिले होते.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळीचा रस्ता चढणीला लागतो तिथल्या बौद्धवाडीचा भिकाजी कर्जतच्या बाजूला एका फाटकावर गेटमन होता. चंपाबाईचा धाकटा भाऊ सोमा सव गावचा. त्याला रेल्वेत चिकटवला तो भिकाजीनेच. एकाच फाटकावर दोघांच्या पाळ्या, एकाची दिवसाची, दुसऱ्याची रात्रीची. पाळी बदलताना एक रीत होती, ती दोघांनी कधी मोडली नाही. जाणाऱ्याने झेंडे, कंदील, किल्ल्या समोर मांडायच्या, येणाऱ्याने एकेक वस्तू हातात घेऊन म्हणायचे, “चार्ज घेतला.” तो शब्द कानावर पडेपर्यंत जाणाऱ्याने जागा सोडायची नाही. शब्द पडल्यावरही भिकाजी तासभर तिथेच रेंगाळायचा. सोमा चेष्टेने म्हणायचा, “दाजी, घरी जावा आता. नायतर आक्काला वाटायचं, सवत करून ठेवलीय.”

वाडीतले रेल्वेवाले सुट्टीवर जमले की कोणती नोकरी सर्वांत चांगली यावर वाद रंगत. परळच्या वर्कशॉपात डोक्यावर छप्पर, यार्डात ओव्हरटाइम, पार्सल ऑफिसात पंखा. माणसे रेल्वेत का टिकतात, हे प्रशासनाच्या माहितीपत्रकानेही सांगून टाकले होते: पास, क्वार्टर, पेन्शन. भिकाजीला यार्डातली बढती दोनदा देऊ केली होती. ती त्याने दोन्ही वेळा नाकारली. माहितीपत्रकात या गोष्टीला जागा नव्हती. चंपाबाईला त्या नकाराचा रागच होता, कारण यार्डाच्या क्वार्टरला नळ होता.

संप सुरू झाला त्या सकाळी संपणारी रात्रपाळी भिकाजीची होती. युनियनची वर्गणी त्याने वेळच्या वेळी भरली होती, आदल्या आठवड्यात मोर्चात झेंडाही धरला होता. पाळी संपली की तोही संपात, असे ठरले होते. पाळी संपली, पण सोमा आला नाही. यायचाच नव्हता, तो संपावर होता. वाहतूक सुरळीत आहे असे रेडिओ सांगत होता. तितकी सुरळीत नसली तरी दिवसातून काही गाड्या फाटकावरून खरोखरच जात होत्या, आणि रस्त्यावरून बैलगाड्या, ट्रक, शाळेची मुले. भिकाजी बसून राहिला. चंपाबाई डबा घेऊन गेली आणि तिथेच अडकली. तो डुलकी घेई तेव्हा टेलिफोनची घंटा ऐकायला ती बसे. चौथ्या दिवशी आलेल्या एका जवानाला चहाही तिनेच करून दिला. पहाऱ्याला आला असेल, अशी तिची समजूत.

संप मोडला. सोमाला कामावरून काढले, भिकाजीला तो जाड कागद आणि एक जादा वेतनवाढ मिळाली. कागदाची नक्कल स्टेशनातल्या फळ्यावर लागली, तिथून ती बातमी महाडच्या एसटी स्टँडवर आणि स्टँडवरून प्रत्येक वाडीत गेली.

एका वर्षाने, लग्नसराईला मुंबईची माणसे गावी आली तेव्हा, पंचक्रोशीच्या बौद्धजनांची सभा भिकाजीच्याच वाडीत, विहाराच्या मांडवात भरली. तक्रार सोमाची होती. मागणी अशी की भिकाजीच्या घराशी जेवणव्यवहार बंद करावा, लग्नामरणाला कोणी जाऊ नये. पिढ्यानपिढ्या ज्यांच्यावर हे शस्त्र चालले त्यांच्याच हाती ते आले होते, आणि कसे धरायचे हे कोणाला शिकवावे लागले नाही.

बायका मागे बसल्या होत्या. चंपाबाईची आई, म्हातारी येसूबाई, सोमाची नोकरी गेल्यापासून त्याच्याकडे सवला असे. ठराव झाला की सवचा उंबरा चंपाबाईला बंद आणि आईचे शेवटचे दिवस तिने दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायचे. म्हणून ती सभेकडे पाहत नव्हती, येसूबाईच्या पायांकडे पाहत होती. पाय सुजले होते.

अध्यक्षस्थानी निवृत्त शिक्षक चंदूमास्तर. त्यांनी जाड कागद वाचून दाखवला. कोणीतरी ‘फितूर’ म्हणाले. गंमत अशी की ‘फितूर’ आणि ‘निष्ठावान’ या दोन शब्दांत भांडण नव्हतेच. माणूस जागेवर राहिला तर तो वरच्या कोणासाठी तरी राहिला असणार, इतके दोघांनीही गृहीत धरले होते. प्रशासन आणि वाडी यांचे एकमत होण्याचे असे प्रसंग फार थोडे.

सोमा उभा राहिला. तो आरडाओरडा करील असे वाटले होते, पण तो हळूच बोलला. “दाजींनी मला रेल्वेत घातला, ते मी विसरलो नाय. पण माजी आय क्वार्टराबाहेर ट्रंकेवर बसली होती, तवा दाजी गाड्यांना हिरवा झेंडा दाखवत होते. त्यांनी एवढंच सांगावं, का?”

भिकाजी मांडवाबाहेरच्या रस्त्याकडे पाहत राहिला. चंदूमास्तरांनी पुन्हा विचारले. तेव्हा बायकांतून चंपाबाई उठली. बायकांनी सभेत बोलू नये असा नियम नव्हता. बोलल्याचा दाखला मात्र नव्हता.

“का ते मी सांगते,” ती म्हणाली. “चार्ज घ्यायला कोन येनार होतं रे, सोमा? तूच ना? मानूस तुजी वाट बघत बसला. तू आला नायस म्हनून ह्यांना उठता आलं नाय. फाटक काय गुराच्या गळ्यातली घंटा हाय, खुंटीला अडकवून यायला?”

मांडवात कोणीतरी हसू दाबले. रेल्वेत काम केलेली जी चारदोन माणसे होती त्यांच्या माना हलल्या. बदलीवाला आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे त्यांना सांगायला नको होते. सोमाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आरोप ज्याने केला त्याच्याच दारात येऊन तो बसला होता. चंदूमास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की असे असेल तर भिकाजीने नुसते ‘होय’ म्हणावे, विषय इथेच मिटेल. चंपाबाई खाली बसली. सवचा उंबरा तिला पुन्हा दिसू लागला होता.

भिकाजी उठला, आणि ‘होय’ म्हणाला नाही.

निकाल काय लागला ते आधीच सांगून टाकलेले बरे. ठराव झाला नाही. मांडला कोणी नाही आणि मागे घेतलाही कोणी नाही. चंदूमास्तरांनी पुढचा विषय घेतला. जेवायला पंगत बसली तेव्हा सोमा भिकाजीशेजारी येऊन बसला. वाढणारी काशीबाई, सोमाची बायको, भिकाजीच्या पानाशी येऊन थांबली तेव्हा सोमाच म्हणाला, “वाढ की गो, दाजींना भात आवडतो.” येसूबाईला चंपाबाईने त्या दिवशी चार दिवसांसाठी आपल्याकडे ठेवून घेतले आणि गरम पाण्याने तिचे पाय शेकले. भिकाजी पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच फाटकावर राहिला. यार्डाची बढती तिसऱ्यांदा आली होती. चंपाबाईने यावेळी नळाचा विषय काढला नाही.

प्रशासनाने त्या वर्षी पुष्कळ शब्द छापले. भिकाजीने सभेत उठून उच्चारलेले हे शब्द कोणी छापले नाहीत. चंपाबाईला ते पाठ होते. ते असे:

“सोमा आला नाय, हे खरं. पन ते त्याच्यावर घालू नका. तो आला असता तर मीच त्याला परत धाडला असता. चौथ्या दिवशी मिल्ट्रीवाला आला. पोरगा चांगला होता. म्हनाला, काका, मला चार्ज घ्यायला पाठवलाय, तुमी जावा घरी. तवा दिला असता तर मी सुटलो असतो, संपात मोजला गेलो असतो. मी झेंडे दिले नाय. त्याला म्हटलं, बस, चहा पी. माजा बाप ह्याच रस्त्यानं पोलादपूरच्या बाजाराला जायचा. गावच्या खोतांची, सयाजीरावांची गाडी दिसली का शेतात उतरून उभा राहायचा. मी त्याचा हात धरून उभा राह्यलोय. तिकडं मी फाटक पाडलं का सगळी थांबतात. एकदा सयाजीरावांचा मुलगा जीपमधनं आला. हॉर्न वाजवलान, मला वळखलान, मग गप बसला. मी काय त्याच्यावर सूड घेत नव्हतो. गाडी येत होती. गाडी गेली, फाटक वर केलं, त्याला वाट दिली. त्यानं हात वर केला, मीपन केला. संप बरोबर होता. मी चुकलो असेन, तुमी काय ते ठरवा. पन साहेबासाठी राह्यलो नाय नि पगारासाठी राह्यलो नाय. मला तिथनं उठवेना.”