व्हर्लीनबाईच्या मुठीला झेपेल ती गोळी

मी बोलतेय, केंटकीच्या डोंगरातल्या व्हर्लीनबाईची पाच गोळ्यांची रिव्हॉल्वर. यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, मग तुला मानेन. मी पोलादाची असते तर गप्प बसले असते. पण हलक्या धातूची, वजनाला दोन कांद्यांएवढी. म्हणून जीभही हलकी.

मला घडवली ती खिशात मावावी म्हणून. पहिला मालक व्हर्लीनचा नवरा, ओर्विल. हरणाच्या शिकारीचे दिवस आले की तो मला तेल लावायचा, कागदाला चार भोकं पाडायचा आणि मग वर्षभर विसरायचा. तो गेला तशी मी व्हर्लीनच्या एप्रनच्या खिशात आले.

तिचं घर खोऱ्याच्या टोकाला. पोलिसांना बोलावलं तर यायला पाऊण तास. लेक ट्वायला म्हणायची, शहरात आमच्याकडे चल. शेवटी ठरलं, रविवारी चर्चहून आल्यावर कोठारामागं कागदी ताटली टांगायची. सात पावलांवरून पाचही गोळ्या ताटलीत लागल्या तर म्हातारी इथंच राहील. नाहीतर सामान बांधायचं.

गोळ्या आणायचं काम जावयाकडं, रॉइसकडं. पुरुषांचं मला कळत नाही बाई, खोक्यावरच्या चित्रात अस्वल जेवढं चिडलेलं, तेवढी गोळी चांगली. दुकानदारानं विचारलं, कोण उडवणार? हा म्हणाला, सासू. दुकानदारानं चष्म्यावरून बघत बेताच्या गोळ्यांचं खोकं पुढं सरकवलं. यानं सगळ्यात जोरदार खोकं उचललं.

पहिल्या बारालाच जाळ झाला आणि मी व्हर्लीनच्या अंगठ्यात अशी धडकले की तिची कवळी हलली. दुसरी गोळी कोठाराच्या पत्र्याला. तिसऱ्या वेळी चाप ओढला जाईना. म्हणजे झालं असं, की माझं अंग हलकं आणि धक्का राक्षसाचा, त्यामुळं रांगेतल्या एका काडतुसाची गोळी पितळी कवचातून पुढं सरकली, गोळ्या बसतात त्या फिरत्या चरखीबाहेर तिचं नाक आलं आणि चरखी अडकली. किंवा मीच मुद्दाम अडून बसले असेन. तुला काय कळतंय.

रॉइस म्हणाला, "हत्यार म्हातारं झालंय." ट्वायलानं आईच्या सुजल्या अंगठ्याकडं बघितलं आणि बॅगांचा विषय काढला.

"थांब गं," व्हर्लीन म्हणाली. "या जावयाच्या गोळ्या झाल्या. माझ्या कुठं झाल्यात?"

रॉइसनं घाम गाळून चरखी मोकळी केली. व्हर्लीननं खिशातून ओर्विलच्या सरावाच्या गोळ्या काढल्या. मऊ शिशाच्या, बारूद बेताची, नाक सपाट. ताटली पुन्हा नीट टांगली.

रॉइस हसला. "आई, ह्यांनी फक्त कागदाला भोक पडतं."

"तुझ्यांनी तर तेही पडलं नाही."

मग तिनं सावकाश पाच बार काढले. मीही शहाण्यासारखी वागले. चार मधोमध. पाचवा ताटलीची कड कुरतडून गेला. ट्वायलानं त्या कडेवरून दोनदा बोट फिरवलं, मग आईला म्हणाली, "अंगठ्याला बर्फ लाव." सामानाचं नाव पुन्हा निघालं नाही. रॉइसला जाताना मक्याचा पाव मिळाला, आणि त्याचं अस्वलाचं खोकंही परत.

आता माझ्यात त्याच पाच सपाट गोळ्या असतात. माणसावर अजून चालले नाही, तशी हौसही नाही. एवढंच मागणं, गोळी घेताना खोक्याकडं नको, हाताकडं बघा.

चल, निघ आता. व्हर्लीन दार उघडतेय, आणि तुला ती ओळखत नाही.