सिंकखालचा समुद्र

बोईसरच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर समुद्र आला होता. येसूबाईंच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. सिंकखालच्या कपाटातून पाणी ठिबकत होतं, लोक बोट बुडवून चाखत होते आणि हात जोडत होते. पाणी खरंच खारट होतं.

कपाटापुढे धर्माजी भगत मांडी ठोकून बसला होता. "नळाचं पानी कदी खारं असतं का? हा तुजा नाखवा घरी आलाय, येसूबाय."

येसूबाई पांढऱ्या पडल्या. वादळाचा इशारा असताना त्यांनीच भांडून नाखव्याला, म्हणजे आपल्या नवऱ्याला, होडीवर धाडलं होतं. तो परत आला नाही. ही टोचणी त्या बरोबर घेऊनच सातपाटीहून इथे राहायला आल्या होत्या.

भगताच्या म्हणण्याप्रमाणे नाखवा सुनेवर रागावला होता, कारण तिच्या हट्टाने घर किनाऱ्यावरून हललं. तेव्हा पोटुशी जागृतीने आजच माहेरी जावं, परतू नये. नाखव्याच्या नावाचं कोंबडं मात्र भगत खाणार होता. तिचा नवरा कारखान्यात पाळीवर, आणि जागृती मुकाट्याने पिशवी भरत होती. माझ्यामुळेच झालं, म्हणाली. मला भगताचा भयंकर राग आला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. वाटी घेऊन मी कपाटात डोकं घातलं. नळाला जाणाऱ्या पाइपाचा जोड ढिला होता. जोडाखालीच वाटी धरली आणि भगताला चाखायला दिली. पाणी गोडं निघालं.

"नाखवा वर गोडा, खाली खारा," भगत म्हणाला.

मग जोडाखालच्या फळीवर, डब्यांमागे दडवलेलं भिजकं पोतं मी ओढून काढलं. मासळी खारवायचं खडे मीठ. ओल धरून प्लाय फुगेल म्हणून जागृतीने सासूला ते तिथे ठेवू नका असं बजावलं होतं. पाणी त्यातूनच झिरपत होतं.

येसूबाई खाली बसल्या. "मला ठाव होतं मीठ तितंच हाय ते. पन तो माज्यावर नाय, सुनेवर रागावलाय, असं भगत म्हनला आनि मला बरं वाटलं."

भगत चपला शोधू लागला. मी चावी बंद करून जोड आवळला, ठिबकणं थांबलं.

पाणी खारट लागलं तर आधी मीठ शोधा. आणि तुमच्या मनातली टोचणी कोणी दुसऱ्याच्या माथी मारू लागला, तर त्याला दार दाखवा, त्या दुसऱ्याला नव्हे.

येसूबाई उठल्या आणि जागृतीच्या पिशवीतल्या साड्या एकेक करून परत कपड्यांच्या कपाटात ठेवू लागल्या. तिच्याकडे बघायचं धाडस मात्र त्यांना होत नव्हतं.