आक्काचा पंच

सन १९३१ मध्ये महाडच्या दिवाणी कोर्टात दाखल केलेल्या दाव्यात वादी महिपतीने लिहून दिले होते: "प्रतिवादी आनंदीबाई ही वादीची थोरली विधवा बहीण असून पोलादपूर येथील घराच्या रस्त्याकडील पडवीत केवळ वादीच्या परवानगीने राहत आली आहे. सदर परवानगी वादीने आता काढून घेतली आहे."

वाक्य निर्दोष होते. अडचण एवढीच, की प्लेगने नवरा नेल्यावर आनंदीबाई चौदाव्या वर्षी माहेरी आली तेव्हा परवानगी देणारे वादी तीन वर्षांचे होते. त्याच साथीत आईही गेलेली. परवानगी कोणत्या शब्दांत दिली, हे दाव्यात नमूद नाही. देतेवेळी वादी प्रतिवादीच्या कडेवर असून त्यांनी तिचे लुगडे भिजवले असावे, असे मानण्यास मात्र जागा आहे. पुढे बत्तीस वर्षांनी घाटात मोटारी वाढल्या, उतारूंना चहा लागू लागला, आणि पडवीचे तोंड रस्त्याकडे आहे हे वादींच्या ध्यानी आले.

पडवी गेली तर आनंदीबाईला दुसरे छप्पर नव्हते. तरी तारखेला ती ताठ उभी राहिली.

"सायेब, मला नऊ मानसं पायजेत. आमच्या आळीतला भागोजी मुंबयला असतो, त्यानं बघितलीत. मोठ्या कोर्टात बसतात नि खरंखोटं सांगतात."

न्यायाधीश हसले नाहीत. "बाई, ती ज्युरी. खुनासारख्या खटल्यांना बसते. घरादाराच्या दाव्याला इथे ज्युरी मिळत नाही."

म्हणजे माणूस मारला तर शेजाऱ्यांचे मत घ्यायचे. जिवंत माणसाला घराबाहेर काढायचे असेल, तर गरज नाही. कायद्याची ही तऱ्हा आनंदीबाईने ऐकून घेतली.

"पंच मात्र मागता येतील," न्यायाधीश म्हणाले. "निकालाआधी लेखी अर्ज करा. तंटा कशाचा, पंच कोण, ते लिहा. पण सही दोघांची हवी. त्यांचीही."

कोर्टाच्या पायरीवर अर्जनविसाने अर्ज लिहिला आणि पंचाच्या नावापुरती जागा कोरी ठेवली. महिपती दूर खांबाला टेकून उभा होता. ती कागद घेऊन त्याच्याकडे गेली.

"सही कर रे."

"पंच कोन? तुझा भागोजीच असल!"

"तू."

"आक्का, येडी झालीस काय गो?"

अर्जनवीस मागून ओरडला, "अहो बाई, दावा लावणाऱ्यालाच पंच कसं करता येईल?"

"मंग कोनाला करू?" ती म्हणाली. "आबा गेले, काकी गेली. त्या पडवीत काय काय झालं ते बघितलेला हाच एक उरलाय." ती महिपतीकडे वळली. "तू सांगशील ते मला कबूल हाय, बाबा. जा म्हनलास तर गाठोडं बांधते." मग त्याच्या तोंडाकडे निरखून बघत तिने विचारले, "सकाळधरनं उपाशी हायस ना?"

महिपतीने कागद घेतला, सही न करताच परत दिला आणि वकिलाला न विचारता आत गेला. शपथेवर त्याने दिलेला जबाब कारकुनाने जसाच्या तसा उतरवून घेतला:

"मला आई ठावी नाय. ताप आला की मी आक्काला हाक मारतो, अजून मारतो. पडवी तिची हाय. दाव्यात लिवलंय ते खोटं हाय, आनि खोटं हाय हे ठावं असून मी सही केली."