रेवाचा हातोडा आणि नवा बोगदा

मी एक जुना हातोडा आहे, मित्रांनो. खिळे ठोकणारा नव्हे, खडक फोडणारा. माझ्या डोक्याची एक बाजू चौकोनी आहे आणि दुसरी चोचीसारखी टोकदार. आयर्लंडमधल्या लेटरकेनी गावात एका गॅरेजच्या कपाटात मी राहतो. इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

पोलादाची एकच कांब तापवून, ठोकून मला घडवलं. त्यामुळे माझा दांडा आणि डोकं कधी वेगळं होत नाही. मुठीवर निळं रबर चढवलं आणि मी नागपूरच्या एका दुकानात येऊन पडलो. तिथे भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या रेवाने मला उचललं, हातात तोललं आणि म्हणाली, "हाच द्या."

शिक्षण संपल्यावर तिला दूर बोत्स्वानातल्या एका कोळशाच्या खाणीत नोकरी लागली. वाळू, काटेरी झुडपं आणि वर नुसतं आभाळ, असा तो मुलूख होता. खाण तेव्हा लहान होती. पण शेजारी नवं वीजकेंद्र उभं राहत होतं, आणि त्याला पुरेल इतका कोळसा काढायचा तर खाण वाढवायलाच हवी होती.

आधी जमिनीत खोल भोकं पाडून खडकाचे लांब दंडगोल वर काढले. रेवा उन्हात बसून ते तपासायची. माझा एक टोला बसला की दंडगोल दुभंगायचा आणि आत काळाभोर कोळसा चमकायचा. कोळसा कुठे जाड आहे, कुठे पातळ, हे तिने असं खडकाखडकातून वाचून काढलं. मग जमिनीच्या पोटात तिरका उतरणारा नवा बोगदा सुरू झाला. मित्रांनो, माणसांची ती मेहनत बघून मला पोलाद असल्याचाही गर्व वाटेनासा झाला! घाम, धूळ, यंत्रांचा कानठळ्या बसवणारा आवाज, आणि त्यातही कुणीतरी गाणं म्हणत असायचं.

बोगदा खणणाऱ्या तुकडीचा प्रमुख होता कगीसो. धिप्पाड, हसरा माणूस. रोज काम सुरू होण्याआधी रेवा मला बोगद्याच्या छतावर हलकेच आपटायची. खडक घट्ट असला की मी खणखणीत बोलायचो. "हातोडा खूश आहे, चला!" असं कगीसो ओरडायचा आणि सगळे आत जायचे.

एका सकाळी मी छताला लागलो आणि आवाज बद्द आला. तडा गेलेल्या मडक्यासारखा. रेवाने पुन्हा आपटलं. पुन्हा तसाच.

"सगळे मागे व्हा," ती म्हणाली.

प्रकल्पप्रमुख हर्षवर्धन तातडीने खाली आले. वीजकेंद्र सुरू व्हायची तारीख जवळ आली होती. "रेवा, नुसत्या आवाजावर काम थांबवायचं?"

"सर, वर पोकळी असणार."

"असणार म्हणजे? पाहिलीस?"

"नाही पाहिली. म्हणूनच छतात भोक पाडून बघू या म्हणते."

कगीसो मध्ये पडला. "साहेब, हिची खात्री होईपर्यंत माझी माणसं आत जाणार नाहीत."

सुरक्षित जागी उभं राहून लांब यंत्राने पहिलं भोक पाडलं. सलग खडक. दुसऱ्यातही तेच. मागे कुजबुज सुरू झाली. रेवाच्या तळहाताला घाम सुटला होता. माझी मूठ तिच्या हातातून निसटत होती. तरी ती म्हणाली, "अजून एक. थोडं डावीकडे."

या वेळी यंत्र घरघरत वर गेलं आणि अचानक सुळकन आत शिरलं. डोक्यावर खडकाचा जेमतेम एक पापुद्रा होता आणि त्यावर रिकामी फट!

हर्षवर्धनांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून पुन्हा घातलं. "बरं झालं, तू हटली नाहीस," ते म्हणाले. मग लांब पोलादी बोल्ट ठोकून ते छत वरच्या भक्कम खडकाला जखडलं. बोगदा पुढे गेला, खाण कितीतरी पटीने वाढली, वीजकेंद्राचे दिवे लागले. छत पडलं नाही, म्हणून त्याची बातमीही झाली नाही.

पुढे रेवाचं लग्न झालं. तिच्या नवऱ्याला, डॉक्टर अनीशला, लेटरकेनीच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि मीही इकडे आलो. इथे खाण नव्हती. रेवा मुलीच्या संगोपनात गुंतली. मी रंगाचे डबे उघडू लागलो, तंबूच्या खुंट्या ठोकू लागलो. एकदा पावसात अंगणातच राहिलो आणि गंजलो. रबराला भेगा पडल्या. "आई, हा बिन करू का? इट्स मँकी!" असं तिची मुलगी स्वानंदी एकदा म्हणाली. इथे फेकून देण्याला बिन करणं आणि घाणेरड्याला मँकी म्हणतात. रेवा नुसतं "राहू दे गं" म्हणाली.

गेल्या रविवारी इथल्याच स्लायगो शहरात शिकायला आलेली एक मुलगी बसने घरी आली. तिचं नाव नालेदी. कगीसोची लेक! जेवण झाल्यावर तिने लाजत इंग्रजीत विचारलं, "आंटी, तो हातोडा अजून आहे?"

मला बाहेर काढलं गेलं. गंजलेला, रंगाने माखलेला. मला फार शरम वाटली. पण नालेदीने मला दोन्ही हातांत धरलं. "मी तेव्हा अगदी लहान होते," ती म्हणाली. "त्या सकाळी त्या छताखाली सगळ्यात पुढे माझे बाबा असणार होते. आमच्या घरी हे सगळ्यांना माहीत आहे."

स्वानंदीला माहीत नव्हतं. ती आईकडे वळली. एरवी इंग्रजीत उत्तर देणाऱ्या त्या मुलीने हळूच मराठीत विचारलं, "आई, तू घाबरली होतीस?"

"खूप," रेवा म्हणाली. "पहिल्या दोन भोकांत पोकळी सापडली नाही तेव्हा तर फारच."

मित्रांनो, त्या दुपारी स्वानंदीने घासकागद आणला आणि माझा गंज काढला. नालेदीने तेल चोळलं. तुमच्याही घरात एखादं जुनं हत्यार धूळ खात पडलं असेल. त्याला पुसा, तेलपाणी करा. आणि ज्या हातांनी ते चालवलं, त्यांना जवळ बसवून विचारा. आम्हा हातोड्यांना बोलायला कुणीतरी आपटावं लागतं. आईबाबांना बोलायला नुसतं विचारलं तरी पुरतं.