भिंगरीने न खोललेला पंखा

मित्रांनो, मी एक जुना टेबलपंखा. एका जागी नजर ठरेल तर शपथ! डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे मान फिरवण्यात जन्म गेला. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी पाती लखलखत होती. उमेदीची वर्षं एका शिंप्याच्या दुकानात गेली. पुढे तिथे छताला नवा पंखा लागला आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो.

तिथून मला मुलांना कामधंद्याचं मार्गदर्शन करणाऱ्या एका ताईंनी आणलं. शाळेला कंटाळलेली मुलं त्यांच्याकडे येत. ताई मला आणि एक पेचकस पुढे ठेवत. "खडखडतोय मेला. बघ जरा!" पोरं मला खोलत, जोडत, आणि ताई त्यांना कुठल्यातरी वर्कशॉपात चिकटवून देत. लोक ताईंचं कौतुक करत आणि फुशारत असे मी.

मग भिंगरी आली. हे तिचं घरातलं नाव. नववीत शाळा सोडून घरी बसलेली. बसलेली कसली, पाय ठरेल तर ना! वडील म्हणाले, "ताई, आज काही ठरलं तर ठीक. नाहीतर उद्यापासून माझ्या गोदामात खोकी चिकटवेल."

"बाबा, तिथे मी वेडी होईन!"

"मग इथे शहाणी हो."

ताईंनी मला पुढे सरकवलं. भिंगरीने पेचकस उचलला, खाली ठेवला. "मला नाही खोलायचा. फिरतोय की बिचारा."

वडील उठलेच. मी उगाच जोरात खडखडलो.

तेवढ्यात बाहेरच्या बाकावर कुणाच्या तरी बाळाने भोकाड पसरलं. भिंगरी ताडकन उठली. वायर ताणून मला दारात ठेवलं, रद्दीच्या पट्ट्या फाडून माझ्या जाळीला बांधल्या. "पकड बघू! पळाली, पळाली!" माझी मान वळे तिकडे बाळ दुडदुडे आणि त्याच्यामागे ही. दोघं खिदळत होती.

"शेजारची पोरंही दिवसभर हिच्याच मागे," वडील पुटपुटले.

"अहो, मग आधी नाही सांगायचं?"

"त्यात काय सांगायचं? खेळच तो."

ताईंनी पाळणाघराच्या बाईंना फोन लावला. "सोमवारपासून मदतीला ये म्हणतात. जमलं तर शिकवतील."

वडिलांनी रडणं विसरलेल्या बाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "जा. पण लवकर उठावं लागेल."

"मी रविवारीच उठून बसते!"

मित्रांनो, ताई आता मला सरसकट सगळ्यांपुढे ठेवत नाहीत. थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? अधूनमधून धूळ पुसा, तेलाचा थेंब घाला, एवढंच मागणं. आणि एखाद्या पोराने माझ्याकडे पाठ फिरवली, तर त्याला लगेच बिनकामाचं म्हणू नका. त्याचं लक्ष कुठे धावतंय, तिकडे एकदा बघा.